कार्डाला लगाम, बिलाला आराम!

ग्राफिक कार्डावर नाणी 'दळायचं' फॅड २०२१ मध्ये फुल फॉर्मात होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा बाजार उठला. नाणी गेली, पण त्या दोन वर्षांत पोरं एक कला शिकून बसली: कार्डाचं ट्यूनिंग. ही कला आजही कामाची आहे. गेमिंग करणाऱ्यांना, सेकंडहँड कार्ड शोधणाऱ्यांना आणि 'घरबसल्या मायनिंग करा' असा मेसेज आला की ज्यांचे हात शिवशिवतात, त्या सगळ्यांनाच!

ट्यूनिंग म्हटलं की आपल्या शहरात आधी बाइक आठवते. साहजिक आहे. बजाजचा वाळूजचा प्लँट १९८५ पासून इथे उभा आहे, आणि ओळखीपाळखीत त्या लाइनवर काम केलेला एखादा काका किंवा मामा सापडतोच. त्यामुळे 'पिकअप हवा की अॅव्हरेज?' हा प्रश्न इथल्या पोरांना शाळेतच कळलेला असतो. दोन्ही एकदम मिळत नाही, हेही कळलेलं असतं.

ग्राफिक कार्डाचंही तसंच आहे. गेम खेळणाऱ्याला पिकअप हवा असतो. मायनिंग करणाऱ्याला हवा असतो फक्त अॅव्हरेज. कार्ड दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस पळणार. अशा वेळी ते किती जोरात पळतं, यापेक्षा एका युनिटमध्ये किती पळतं याला महत्त्व! म्हणूनच मायनिंगवाल्यांचं ट्यूनिंग ऐकायला उलटं वाटतं. कार्डाचा स्पीड कमी करायचा, विजेचा खुराक तोडायचा आणि तरीही काम आधीपेक्षा जास्त काढून घ्यायचं. जादू वाटते ना? जादूबिदू काही नाही, साधा हिशेब आहे.

आणि हिशेब तर आपल्या रक्तातच! हे तेच शहर आहे, जिथल्या मंडळींनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सौदा होता तब्बल ६५ कोटींचा. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. घासाघीस करण्याची सवय मात्र तीच. फक्त मायनिंगमध्ये एक अडचण असते. महावितरणशी घासाघीस करता येत नाही. करायची तर कार्डाशीच करावी लागते!

पाणचक्कीचा फंडा

आता थोडी थिअरी. घाबरू नका, पाणचक्कीच्या मदतीने सांगतो.

सतराव्या शतकातली आपली पाणचक्की सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून यायचं, त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकीर-यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. आता समजा, जातं दुप्पट वेगाने फिरवलं, पण त्याच्या तोंडात पडणारं धान्य मात्र तेवढंच ठेवलं. पीठ दुप्पट निघेल का? नाही. दगडावर दगड घासून जातं तेवढं तापेल.

ग्राफिक कार्डात जातं म्हणजे कोअर, आणि धान्याची धार म्हणजे मेमरी. २०२१ मध्ये ज्या नाण्यामागे सगळे लागले होते ते ईथर. त्याची पद्धत, म्हणजे ईथॅश, मुद्दामच अशी बनवली होती की कोअरपेक्षा मेमरीवर ताण यावा. प्रत्येक प्रयत्नासाठी कार्डाला मेमरीतून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट माहिती उचलावी लागायची. एकूण ८,१९२ बाइट. एका प्रयत्नाचा खर्च एवढा!

आता कॅलक्युलेटर काढा. त्या काळातलं सगळ्यांचं लाडकं कार्ड म्हणजे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० टीआय. त्याची मेमरी सेकंदाला ४४८ गिगाबाइट माहिती हलवते. भागिले ८,१९२. उत्तर येतं सेकंदाला साधारण ५ कोटी ४७ लाख प्रयत्न, म्हणजे ५४-५५ मेगाहॅश. एएमडीचं २०१७ मधलं आरएक्स ५८० घ्या. मेमरी २५६ गिगाबाइटची, उत्तर ३१ मेगाहॅश. गंमत म्हणजे नीट ट्यून केलेलं आरएक्स ५८० प्रत्यक्षातही तीसच्या आसपासच थांबायचं. कोअर कितीही पळवा, धार तेवढीच!

मग सरळ आहे. जातं हळू करा, धार वाढवा. कोअर खाली, मेमरी वर. मायनिंग ट्यूनिंगचा सगळा फंडा या एका ओळीत आला.

कोअर खाली आणल्यावर वीज एवढी का वाचते, तेही ऐका. चिप जी वीज खाते, ती तिच्या वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग २० टक्के कमी केला आणि त्यासोबत व्होल्टेजही २० टक्के उतरवता आलं, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळपास निम्मीच वीज लागते. वेग एक पंचमांश गेला, खुराक अर्धा झाला. आणि ईथॅशमध्ये तर त्या गेलेल्या वेगाने कामात फारसा फरकही पडत नव्हता.

स्टेप बाय स्टेप

ज्यांनी हे केलं, त्यांचा क्रम साधारण असा असायचा. आज गेमिंगसाठी कार्ड थंड ठेवायचं असेल तरी थोड्या फरकाने हाच क्रम चालतो.

एक. आधी काहीही न बदलता मोजा. भिंतीतल्या सॉकेटला लावायचा छोटा वॉटमीटर घ्या. सॉफ्टवेअर फक्त कार्डाची वीज दाखवतं, वॉटमीटर सगळ्या मशीनची दाखवतो, आणि बिल सगळ्या मशीनचं येतं!

दोन. एमएसआय आफ्टरबर्नर उघडा. फुकट आहे, आणि कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी बहुधा चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी असते. ३०६० टीआयचं मूळ लिमिट २०० वॉट. मायनिंगवाले ते ६०-६५ टक्क्यांवर आणायचे.

तीन. कोअरचा वेग उतरवा किंवा एका आकड्यावर बांधून टाका. या कार्डावर साधारण १,४०० ते १,५०० मेगाहर्ट्झ हा पट्टा लोकप्रिय होता.

चार. मेमरी वाढवा, पण शंभर-शंभरच्या पायरीने. एक पायरी चढायची, अर्धा तास बघायचं, मग पुढची. इथेच घाई करणारे आपटायचे. नवीन मेमरीत चूक पकडून माहिती पुन्हा पाठवायची सोय असते. त्यामुळे मेमरी अति ताणली तर कार्ड बंद पडत नाही, नुसतंच काम घटतं. 'काही क्रॅश झालं नाही, म्हणजे सगळं ओके' हा समज चुकीचा. स्क्रीनवर दिसणाऱ्या मेगाहॅशवर जाऊ नका. पूलने मान्य किती केलं आणि नाकारलं किती, ते बघा. कमाई त्यावर ठरायची.

पाच. फॅन. 'ऑटो'वर सोडला तर तो कोअरकडे बघून फिरतो, आणि इथे तापलेली असते मेमरी! म्हणून फॅन ६०-७० टक्क्यांवर बांधून ठेवायचे. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या मोठ्या कार्डांची मेमरी तर ११० अंशांपर्यंत जायची आणि मग कार्ड आपोआप स्लो व्हायचं. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा 'मेमरी जंक्शन' नावाने दिसतो. तो नव्वदीच्या आत राहिला की शांत झोप.

सहा. रात्रभर चालवा. दहा मिनिटं चाललेलं सेटिंग हे सेटिंग नसतं.

एवढं झालं की ३०६० टीआय साधारण १२० वॉटमध्ये ६० मेगाहॅशच्या घरात जायचं. कंपनीतून आलं तेव्हा २०० वॉटचं कार्ड, घरी आल्यावर १२० वॉटचं, आणि काम आधीपेक्षा जास्त!

आरएक्स ५८० वाल्यांचा मार्ग जरा खतरनाक होता. त्यांना कार्डाच्या बायॉसमध्येच मेमरीची टाइमिंग बदलावी लागायची. चुकलं की स्क्रीन काळीठिक्कर. ज्यांच्या कार्डावर दोन बायॉस आणि एक छोटं बटण असायचं ते नशीबवान, बाकीचे जुगाडू.

कंपनीची गाडी, कंपनीचाच ब्रेक

यातला सर्वात मजेशीर किस्सा खुद्द एनव्हिडियाचा. गेमर्सना कार्ड मिळेनात, सगळी मायनिंगवाले उचलून नेत होते. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० आणताना कंपनीने त्यात ब्रेकच बसवला. ईथरचं मायनिंग सुरू झालेलं ओळखलं की वेग निम्मा. सोबत मायनिंगवाल्यांसाठी सीएमपी नावाची वेगळी कार्डंही जाहीर केली. झकास प्लॅन! पण महिन्याभरातच, मार्च २०२१ मध्ये, कंपनीच्याच एका बीटा ड्रायव्हरने तो ब्रेक काढून टाकला. ड्रायव्हरचा नंबर होता ४७०.०५. कंपनीने तो मागे घेतला, पण तोवर तो जगभर पोचला होता. मे २०२१ पासून मोठ्या कार्डांच्या नव्या आवृत्त्यांमध्येही असाच ब्रेक आला, आणि मग ब्रेक लावणारे विरुद्ध ब्रेक काढणारे असा सामना रंगला.

बिल आलं रे!

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या बिलाकडे वळू.

एक कार्ड, २०० वॉट, चोवीस तास, तीस दिवस. होतात १४४ युनिट. तेच कार्ड १२० वॉटवर आणलं तर ८६.४ युनिट. फरक साडेसत्तावन्न युनिटचा. सहा कार्डांची रिग असेल तर महिन्याला ८६४ विरुद्ध ५१८ युनिट. हिशेबाला सोपं म्हणून युनिट १२ रुपयांना धरलं, तर फक्त ट्यूनिंगने वाचले महिन्याला ४,१४७ रुपये. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय खातो ते वेगळंच.

पण घरगुती मीटरवर खरी मेख आहे ती स्लॅबची. महावितरणचे घरगुती टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटला बदलतात आणि दर टप्प्याला दर वाढतो. तुमच्या घरचा टीव्ही, फ्रिज, पंखे, गिझर यांनी आधीच खालचे टप्पे भरलेले असतात. त्यामुळे रिगचं प्रत्येक युनिट वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यात पडतं. पाचशेच्या वर आपण धरलेल्या १२ रुपयांपेक्षा जास्तच बसतात. शिवाय बिलाच्या मागच्या बाजूला वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी पाहुणेमंडळी असतातच. म्हणून स्वतःचा दर काढताना बिलावरचा वरचा आकडा बघू नका. रिग लावण्याआधीच्या आणि नंतरच्या बिलातला फरक घ्या आणि त्याला वाढलेल्या युनिटने भागा. येईल तो तुमचा खरा दर. तो बघून भल्याभल्यांची उतरते!

घरातला ठरलेला संवादही आठवा. आई: "अरे, एवढं बिल कसं काय आलं रे? मीटर तपासायला सांग बाबांना." बाबा: "मीटर बरोबर आहे. त्याच्या खोलीत जाऊन बघ जरा." मायनिंगचं गणित पूलच्या वेबसाइटवर सोडवणारे बरेच होते. पण बिल बाबांच्या खात्यातून जात असेल तर कुठलाही धंदा नफ्यातच दिसतो की!

मे महिन्यातला हीटर

कार्डाने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. सगळी म्हणजे सगळी. सहा कार्डांची रिग ट्यूनिंगशिवाय १,२०० वॉट घेते, म्हणजे हिवाळ्यात लावतात त्या हीटरच्या एका रॉडपेक्षाही जास्त. आता तो हीटर चोवीस तास, मे महिन्यात, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत लावल्याचं इमॅजिन करा. बाहेर पारा चाळिशीपार, आत कार्डांचा सोहळा!

फॅनचं एक साधं सत्य आहे. तो हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. खोलीतली हवाच ४० अंशांची असेल तर कार्ड त्याखाली जाणार कसं? डिसेंबरात उत्तम चालणारं सेटिंग म्हणूनच एप्रिलमध्ये कोलमडतं. आपल्याकडे मेमरीच्या दोन-तीन पायऱ्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

एसी लावावा, तर तोच दीड-एक किलोवॉट खाणार. म्हणजे ट्यूनिंगने कमावलं ते एसीने घालवलं. मग उरतो आपला मराठवाड्याचा लाडका डेझर्ट कूलर. पण कूलरची दमट हवा थेट रिगवर सोडायची नसते. धूळ आणि ओल एकत्र आली की हीटसिंकवर चिखलाचा थर बसतो. आणि कूलरला पाणी लागतं, बॉस! जायकवाडी भरलेलं असूनही नळाला पाणी कधी येणार याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवणारं आपलं शहर. तिथे नाण्यांसाठी टाकी रिकामी करणार का? खिडकीला एक्झॉस्ट फॅन लावून गरम हवा बाहेर फेकणं हाच त्यातल्या त्यात स्वस्त आणि मस्त उपाय.

चौकट: जळण्याआधी वाचा

ट्यूनिंग चुकलं तर कार्ड बंद पडतं. वायरिंग चुकलं तर घर पेटतं. म्हणून हे चार मुद्दे.

साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १,३८० वॉट देतं, तेही थोड्या वेळापुरतं धरा. चोवीस तास चालणारी रिग त्यावर नको. गिझर-एसीसाठी असतो तो १६ अँपिअरचा पॉइंट वापरा.

कार्ड मदरबोर्डपासून लांब बसवायला रायझर वापरतात. त्याला साटाची वायर जोडू नका. त्या कनेक्टरची क्षमता ५४ वॉट, आणि स्लॉटमधून कार्ड ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. वितळलेल्या वायरींमागचं हे नेहमीचं कारण.

एक्सटेन्शन बोर्डला दुसरा एक्सटेन्शन बोर्ड लावणं बंद करा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, अंदाजाने नको.

भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाला विचारल्याशिवाय काही नको. मीटर त्यांच्या नावावर असतं.

आणि मग बाजार उठला

१५ सप्टेंबर २०२२. भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास इथेरियमने पद्धतच बदलली. नाणी दळून मिळवण्याऐवजी आपली नाणी गहाण ठेवणाऱ्यांना व्यवहार तपासण्याचा मान, अशी नवी व्यवस्था आली. या बदलाला नाव होतं 'द मर्ज'. इथेरियमचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त खाली आला. पृथ्वीला दिलासा, आणि जगभरातल्या कार्डांना एका दुपारीत बेकारी!

सगळी जनता मग उरलेल्या छोट्या नाण्यांकडे धावली. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, एर्गो अशी नावं. पण पंगत दहा जणांची आणि पाने हजार, असा प्रकार झाला. वाटा इतका बारीक झाला की परवडेना. शिवाय रेव्हनकॉइनसारख्या नाण्याची पद्धत मेमरीसोबत कोअरलाही राबवते. म्हणजे आपली 'जातं हळू, धार जास्त' ही ट्रिक तिथे अर्धीच चालते आणि वीज जास्त जाते. बिटकॉइनचं तर विचारूच नका. २०१३ पासून तिथे खास त्याच कामासाठी बनवलेली मशीन आली आणि ग्राफिक कार्ड केव्हाच बाद झालं. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनचं बक्षीसही निम्मं होऊन ३.१२५ नाण्यांवर आलं.

त्यात करखात्याची एंट्री. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मायनिंगवाल्यांसाठी खरी गोम पुढे आहे. मशीनवरचा खर्च नफ्यातून वजा करता येणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. म्हणजे कार्डं तुम्ही घ्या, बिल तुम्ही भरा, आणि मिळालेलं नाणं विकलं की जणू ते फुकटच मिळालं होतं असं धरून कर द्या! एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळताही करता येत नाही. चुलत्याचा सीए मित्र असेल तर त्याला विचारा. तो आधी हसेल, मग समजावून सांगेल.

थोडक्यात, आज घरगुती दराने ग्राफिक कार्डावर मायनिंग करणं म्हणजे वीज विकत घेऊन चिल्लर बनवणं. कार्डाची रोजची कमाई बिलाच्या आसपास किंवा त्याखालीच घुटमळते. कितीही झकास ट्यूनिंग केलं तरी!

मशीन नसलेलं मायनिंग

मग 'घरबसल्या मायनिंग'च्या ऑफर्स अजून येतात त्या कशाच्या जोरावर? इथे थोडं सीरियस व्हावं लागेल, कारण हा किस्सा आपल्याच राज्यातला आहे.

'गेनबिटकॉइन' नावाची योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. सांगायची पद्धत एकदम टेक्नो: तुम्ही बिटकॉइन द्या, आम्ही त्याच्या मशीन लावून मायनिंग करू, तुम्हाला दरमहा १० टक्के, असे १८ महिने देऊ. वर आणखी माणसं आणली की कमिशन. म्हणजे आपली जुनी साखळी योजना, फक्त नवा शर्ट घालून आलेली. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. गोळा केलेल्या बिटकॉइनची २०१७ मधलीच किंमत ६,६०० कोटी रुपये होती, असं ईडीचं म्हणणं. मार्च २०२२ मध्ये तर या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन खासगी तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त करायची नाणी वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातली प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठ ठिकाणी छापे घातले. त्यात पुणे, कोल्हापूर आणि आपल्या शेजारचं नांदेडही होतं.

आता ज्याने कधी एक कार्ड स्वतःच्या हाताने ट्यून केलंय, त्याला ही ऑफर दिली असती तर काय झालं असतं? त्याने एकच प्रश्न विचारला असता. मायनिंग करणारे वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. म्हणजे एका मशीनची कमाई नाण्यांमध्ये मोजली तर ती दिवसेंदिवस घटतच जाते. मग दरमहा ठरावीक १० टक्के तेही बिटकॉइनमध्येच, हे कुठल्या मशीनला जमणार? उन्हाळा आला तर कमाई घटते, फॅन अडकला तर घटते, भारनियमन झालं तर घटते. ज्या मायनिंगची कमाई कधीच घटत नाही, तिथे मशीन नसते. तिथे फक्त पुढचा गुंतवणूकदार असतो.

पगारातून उरलेले दोन-पाच हजार 'कुठेतरी लावायचे' असतात, तेव्हा हा एवढा हिशेब खिशात असलेला बरा. ऑफिसातल्या सीनियरने, कॉलेजच्या मित्राने, सख्ख्या मावसभावाने जरी सांगितलं तरी आधी वॉटमीटर मागा!

मग ट्यूनिंग शिकून फायदा काय?

फायदा आहे. मायनिंगमधून निवृत्त झालेली कार्डं अजून बाजारात फिरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आपल्या ओळखीच्या ग्रुपपर्यंत. 'फक्त गेमिंगला वापरलंय, लेडीज हँड' असं सांगून मायनिंगचं कार्ड गळ्यात मारणारे भेटतील. त्यांच्यावर चिडू नका, तपासा.

नीट ट्यून करून कमी व्होल्टेजवर, एकाच तापमानाला चाललेलं मायनिंग कार्ड वाईटच असतं असं नाही. झिजतात ते फॅन, आणि वाळतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड. म्हणून विकत घेताना तीन गोष्टी. फॅन हाताने हलवून बघा, खडखड नको. जड गेम किंवा टेस्ट अर्धा तास चालवून मेमरीचं तापमान बघा. आणि जुनं एएमडी असेल तर बायॉस मूळचा आहे की बदललेला ते विचारा. एवढं करून भाव पाडा. मर्सिडीजवाल्यांचं शहर आहे आपलं, भाव पाडायला लाजायचं नाही!

घरी आणलं की तीच विद्या गेमिंगला वापरा. फरक एवढाच की गेमला कोअरही लागतो, त्यामुळे वेग फार उतरवायचा नाही, फक्त व्होल्टेज थोडं खाली आणायचं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. त्यात कार्डाचा नेहमीचा वेग थोड्या कमी व्होल्टेजवर बसवायचा, पुढची रेघ सपाट करायची आणि दोन-तीन संध्याकाळी खेळून बघायचं. गेम बंद पडला की एक पायरी मागे. फ्रेम जवळपास तेवढ्याच, फॅनचा आवाज कमी, खोली थंड. घरून व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडर किंवा स्वतःच्या मशीनवर एआयचे छोटे मॉडेल चालवणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे कार्ड तासन्‌तास चालतं, आणि बिल तर तेच महावितरणचं.

नाणी आली आणि गेली. कार्डाचे भाव चढले आणि पडले. पण मशीनला किती द्यायचं आणि तिच्याकडून किती घ्यायचं, हे मोजून ठरवण्याची सवय ज्याला लागली, त्याचा सौदा फायद्याचाच झाला. या वीकेंडला वॉटमीटर आणा आणि पहिला आकडा लिहून ठेवा. आणि हो, आईला सांगून ठेवा की पुढच्या महिन्याचं बिल तुम्ही स्वतः वाचणार आहात!